एकशे चाळीस अंशांचा मिथेन

४ मार्च, सोमवार

ही वही नवऱ्याने व्यायामाची नोंद ठेवायला आणली होती. पहिल्या पानावर ‘सकाळी चाळीस उठाबशा’ एवढं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याचं कंबरडं धरलं. तो शाळेत कवायत शिकवतो, म्हणून ही गोष्ट बाहेर सांगायची नाही. वही मी ढापली. प्रयोगशाळेच्या नोंदवहीत मनातलं लिहायची सोय नाही, कारण तिथे प्रत्येक पानाखाली मोठ्या मॅडमची सही लागते, आणि त्या काना-मात्रासुद्धा सोडत नाहीत.

माझं काम सांगायला सोपं आहे. धुराड्यातून बाहेर पडतो तो कार्बन डायऑक्साइड घ्यायचा, त्याला हायड्रोजनची जोड द्यायची, दोघांना एका तापलेल्या नळीतून न्यायचं आणि पलीकडे मिथेन मिळवायचा, म्हणजे पुन्हा जाळता येणारा गॅस. पण हे दोघे आपणहून एकमेकांकडे ढुंकूनही बघत नाहीत. मध्यस्थ लागतो, तो उत्प्रेरक. सगळं जुळवून देतो आणि स्वतः होता तसा राहतो. आमचे निकेलचे मध्यस्थ मात्र महा आळशी, तीनशे अंशांच्या आसपास गेल्याशिवाय हलत नाहीत. मला दोनशेच्या आत हलणारा हवा आहे.

हवा आहे म्हणजे हवाच आहे. आठ वर्षं घरी काढून मी चाळिशीत परत या कामात आले. दोन वर्षांचा करार एप्रिलअखेर संपतो. याच महिन्याच्या वीस तारखेला समिती येणार. तिला काही दाखवलं तर पद कायम, नाहीतर नमस्कार. आणि एकदा घरी बसले की या वयात मला पुन्हा कोण विचारणार?

आज तेविसावी बॅच. निकेल आणि सेरियमचे क्षार साखरेच्या पाकात मिसळले, आटवले. पाक फुगून हे एवढा वर आला. भट्टीत त्यातली साखर जळून जायची आणि मागे जाळीदार भुकटी उरायची, अशी पद्धत. त्याला आठ तास हवेत. पण भट्टी सामायिक, आणि शेजारचे मातीवाले (ते चिनी मातीवर काम करतात, आम्ही मातीवालेच म्हणतो) आपल्या पाळीला एक मिनिट मागेपुढे होऊ देत नाहीत. साडेतीन तासांत बाहेर काढावं लागलं. असो. चालवून घेऊ.

५ मार्च, मंगळवार

आधीच्या बावीस बॅच राखाडी निघाल्या होत्या. ही काळी कुळकुळीत! झाकण काढलं तर जळक्या साखरेचा मंद वास. मला तो फारच आवडला. हिचं नाव ‘काळू’ ठेवलं. बॅचला नाव देऊ नये असं मोठ्या मॅडम म्हणतात, नाव दिलं की माया लागते. लागू दे.

७ मार्च, गुरुवार

एकशे चाळीस!!!

८ मार्च, शुक्रवार

काल एवढंच लिहून झालं. आता नीट सांगते.

काळू नळीत भरला, हायड्रोजन सोडला, कार्बन डायऑक्साइड सोडला आणि हळूहळू तापवत गेले. नळीतून येणारा वायू ओळखायला आमच्याकडे एक यंत्र आहे. ते दर चार मिनिटांनी नमुना ओढतं आणि पडद्यावर रेघ काढतं. जो वायू असेल त्याच्या ठरलेल्या जागी सुळका उभा राहतो. एकशे चाळीस अंशांवर मिथेनच्या जागी बारीकसं काहीतरी हललं. मला वाटलं, डोळ्यांत कचरा गेला. पुढच्या चार मिनिटांनी सुळका! त्याच्या पुढच्या चार मिनिटांनी आणखी उंच!

मी किंचाळले. गॅसदादा धावत आले. ते बत्तीस वर्षं इथले सिलिंडर सांभाळतात, किंचाळणं ऐकलं की आधी मुख्य झडप बंद करतात आणि मग कारण विचारतात.

“काय फुटलं?”

“काही नाही फुटलं! मिथेन आला!”

“मग ओरडता कशाला ताई? मिथेन यायलाच नळी लावलीय ना?”

गॅसदादांचा स्वभाव असा. आनंदावर पाणी कसं ओतावं हे कुणीही त्यांच्याकडून शिकावं.

आज मोठ्या मॅडमना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, रेघ निरखली. मला वाटलं, आता पाठ थोपटतील. म्हणाल्या, “ब्लँक घेतलीत?”

घेतली होती की! ब्लँक म्हणजे कोरी फेरी. नळीत काळूऐवजी नुसते काचेचे मणी भरले, दोन्ही वायू सोडले, मिथेन शून्य. म्हणजे जे केलं ते काळूनेच केलं. मी ऐटीत सांगितलं.

“ती झाली एक. दुसरी?”

दुसरी म्हणजे काळू नळीत ठेवायचा, पण कार्बन डायऑक्साइड सोडायचाच नाही. आता मला सांगा, गाय नसताना दूध कोण देणार? त्यात पूर्ण दिवस जातो, आणि माझ्याकडे दिवस उरलेत बारा. “घेते,” म्हणाले. मॅडमना माझं कौतुक करणं जडच जातं. तीस वर्षांत त्यांना एकदाही दोनशेच्या आत मिथेन दिसला नाही, म्हणून असेल.

घरी आले तर जिन्यातल्या चार बिऱ्हाडांनी अभिनंदन केलं. दुपारी नवऱ्याला फोनवर सांगितलं होतं, त्याने तेवढ्यात दवंडी पिटली. तळमजल्यावरच्या शिंप्याने विचारलं, “वहिनी, मग आता गॅसचं सिलिंडर लागणार नाही ना?” मी म्हटलं, “थोडी वर्षं थांबा.” पण काय सांगू, आतून वाटत होतं, फार नाही थांबावं लागणार!

११ मार्च, सोमवार

काळू दमला. गुरुवारच्या मानाने सुळका अर्धाच. नवा चमचाभर काळू भरला तर पुन्हा टुणकन वर, आणि तीन तासांनी पुन्हा मलूल. म्हणजे गडी हुशार आहे पण दमसास नाही. यावर नंतर काम करता येईल. दमणं हा काही गुन्हा नाही, मीही जिना चढून दमते.

गॅसदादा आकडे उतरवून घेत होते. म्हणाले, “ताई, कार्बन डायऑक्साइड जेवढा आत सोडला, जवळजवळ तेवढाच बाहेर आला.”

“बरं मग?”

“आणि वर हा मिथेन. हा वरचा कुठला?”

“मीटर म्हातारं झालंय दादा.”

“मीटर माझ्याहून लहान आहे,” ते म्हणाले आणि पाना घेऊन निघून गेले. लागलं असावं मनाला. उद्या त्यांच्याशी गोड बोलायला हवं.

१४ मार्च, गुरुवार

आज जेवताना मी काळूचं पुराण लावलं होतं. सासूबाई मुकाट्याने ऐकत होत्या. त्यांनी चौतीस वर्षं इस्पितळात परिचारिकेचं काम केलं, त्यामुळे बाकी सगळ्यांचं काम त्यांना पोरखेळ वाटतं. मध्येच म्हणाल्या, “आमच्याकडे एक नवी मुलगी आली होती. पहिल्याच दिवशी धावत डॉक्टरांकडे गेली, म्हणे अख्ख्या वॉर्डाला एकशे दोन ताप. सतराच्या सतरा जणांना!”

“अरे बापरे! साथ होती?”

“साथ कसली! पहिल्याला ताप होता. बाईने थर्मामीटर झटकलाच नाही, तसाच पुढच्याच्या तोंडात.”

नवरा एवढा हसला की त्याला ठसका लागला. मीही हसले. मग मी पुन्हा काळूकडे वळले, तर सासूबाई माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “तुझं जेवण गार होतंय.” वय झालं की माणूस विषयाला सोडून बोलतं, पण गोष्टी मात्र छान सांगतात.

१७ मार्च, रविवार

नवऱ्याला समिती करून खुर्चीवर बसवलं आणि भाषणाची तालीम केली. समितीने शिट्टी गळ्यात अडकवली होती आणि मी अडखळले की वाजवत होती. बारा वेळा वाजली.

“शेवटी काय म्हणशील?” त्याने विचारलं.

“म्हणेन, हा आतापर्यंतचा आमचा सर्वांत कमी तापमानाचा मिथेन आहे.”

“छे! म्हण, धुराचं सोनं केलं!”

“असं कुणी बोलतं का?”

“मी बोलतो. मी सगळ्यांना तेच सांगितलंय.”

एक खरं लिहून ठेवते, इथे कुणाची सही लागत नाही. ती दुसरी ब्लँक मी घेतलेली नाही. शुक्रवारी दुपारी वेळ होता. अगदी भरपूर होता. कार्बन डायऑक्साइडच्या जागी सोडायचा तो आर्गॉन, कशातच भाग न घेणारा वायू; मी त्याच्या झडपेला हात लावला, आणि मग भाषणातली एक ओळ सुचली म्हणून लिहायला बसले. ओळ काही फार चांगली नव्हती. मला भीती कसली वाटते कळत नाही. दूध गाईचंच आहे ना? मग गोठ्यात डोकवायला काय हरकत आहे? समिती गेली की घेईन. पहिलं काम तेच.

१९ मार्च, मंगळवार

सगळी तयारी झाली. मोठा पडदा मिळवला. सुळका भिंतभर दिसणार! पाहुण्यांना पडद्यासमोर उभं राहता यावं म्हणून टेबलं हलवली, त्यामुळे वायूंचं फळकूट त्यांच्या पाठीमागे गेलं. त्यावर दोन उभ्या काचेच्या नळ्या आहेत, प्रत्येकीत एक छोटा गोळा. वायू वाहत असला की गोळा तरंगतो. ते काही बघण्यासारखं नाही, पडदाच बघतील. काल दिवसभर गॅसदादांना खुर्च्या लावायला जुंपलं. कुरकुर केली, “सोमवारची माझी कामं असतात,” पण लावल्या.

मोठ्या मॅडम संध्याकाळी दारात उभ्या राहिल्या. “दुसरी ब्लँक?”

“परवा घेते मॅडम.”

त्यांनी चष्मा वर केला. म्हणाल्या, “मी तुमच्या वयाची होते तेव्हा मलाही घाई होती.” आणि गेल्या. काय म्हणायचं होतं कोण जाणे. मी मात्र आज हवेत आहे, पाय जमिनीला लागत नाहीत. नवी साडी इस्त्री करून टांगली आहे आणि दर अर्ध्या तासाने तिला बघून येते.

२० मार्च, बुधवार

आता बसून लिहिते. हसू अजून थांबत नाही, आणि मध्येच रडूही येतं, त्यामुळे अक्षर असं आहे.

समितीत चार जण होते. अध्यक्ष देहाने भरभक्कम, दारात उभे राहिले की उजेड अडतो. ते पडद्यासमोर मधोमध उभे राहिले. मोठ्या मॅडम बाजूला, गॅसदादा दाराशी. मी सकाळीच काळूची ताजी चिमूट भरली होती. भाषण केलं, एकदाही अडखळले नाही. तापमान एकशे चाळीस. सगळे पडद्याकडे.

पहिला नमुना. मिथेनचा सुळका उगवला, वाढला, भिंतीवर छतापर्यंत गेला. आणि त्याच्या शेजारी, जिथे रोज न वापरला गेलेला कार्बन डायऑक्साइड ठाण मांडून बसलेला असतो, तिथे काही नाही. सपाट! म्हणजे काळूने सगळाच्या सगळा खाल्ला! शंभर टक्के! असं आजवर एकदाही झालं नव्हतं. माझ्या तोंडून निघालं, “धुराचं सोनं!” नवऱ्याची ओळ, शपथेवर सांगते, आपोआप निघाली.

टाळ्या वाजल्या. समितीतल्या एका बाईंनी तर माझा हात हातात घेऊन हलवला. अध्यक्ष म्हणाले, “वा, वा, हे असं काहीतरी पाहायला आम्ही वर्षानुवर्षं फिरतोय.” पद माझं झालं होतं, मला दिसत होतं. फक्त मोठ्या मॅडम टाळ्या वाजवत नव्हत्या, ओठ मिटून पडद्याकडे बघत होत्या. मी मनात म्हटलं, यांना बघवत नाही.

आणि माझ्याशी हात मिळवायला अध्यक्ष एक पाऊल पुढे आले.

त्यांच्या पाठीमागचं फळकूट मला दिसलं. हायड्रोजनचा गोळा मजेत तरंगत होता. कार्बन डायऑक्साइडचा गोळा तळाशी बसला होता. अगदी निवांत, जेवून बसल्यासारखा.

त्या सिलिंडरात वायू पातळ होऊन भरलेला असतो. शेवटचा थेंब असेपर्यंत दाबाचा काटा जागचा हलत नाही, आणि मग एकदम कोसळतो. म्हणून गॅसदादा काट्यावर विश्वास ठेवत नाहीत, दर सोमवारी सिलिंडर वजनकाट्यावर चढवतात. या सोमवारी ते माझ्या खुर्च्या लावत होते.

मी गॅसदादांकडे पाहिलं. त्यांनीही गोळा पाहिला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. खोलीत आम्हा दोघांनाच माहीत होतं. अध्यक्षांचा हात अजून पुढे होता. तो नुसता हातात घ्यायचा होता, बस. सिलिंडर मग बदलता आला असता, कुणाला कळलं असतं?

नळीत कार्बन डायऑक्साइड नव्हताच, आणि मिथेन मात्र छताला लागला होता. तो कुठून आला हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. साडेतीन तास! काळा रंग! तो गोड वास! साखर पुरती जळलीच नव्हती. तिचा कोळसा काळूच्या छिद्राछिद्रांत दडून होता, आणि हायड्रोजन त्यालाच धरून मिथेन करत होता. कोळसा संपत आला की काळू ‘दमायचा’. दोन आठवडे मी साखरेचा मिथेन करून नाचत होते.

“थांबा,” मी म्हटलं. “टाळ्या परत घ्या. सिलिंडर रिकामा आहे.”

आणि मला हसू फुटलं. दाबायला गेले तर आणखी. डोळ्यांतून पाणी, साडीच्या निऱ्या हातात, आणि मी हसतेय. अध्यक्षांना काही कळेना. “मग हा मिथेन कशापासून झाला?”

“साखरेपासून, साहेब! मी नीट जाळली नाही ती साखर!”

“हे तुम्हाला कधी कळलं?”

“आत्ता. तुम्ही जरा सरकलात ना, तेव्हा.”

कुणी हसलं नाही. ज्या बाईंनी हात धरला होता त्यांनी तो सोडला. अध्यक्षांनी मोठ्या मॅडमकडे पाहिलं. “ब्लँक झाली नव्हती?”

मला वाटलं, आता मॅडम माझं नाव घेणार. घ्यायलाच हवं होतं, त्यांनी दोनदा बजावलं होतं. त्या म्हणाल्या, “आज झाली. तुमच्यासमोर.”

२१ मार्च, गुरुवार

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. नवऱ्याला काल सगळं सांगितलं. तो उठून चपला घालायला लागला.

“कुठे निघालास?”

“सगळ्यांना मीच सांगितलं होतं ना? मग भोपळा मिळाला हेही मीच सांगायला हवं.”

चारही बिऱ्हाडं आणि शिंपी करून आला. येताना तो शिंप्याचा निरोप घेऊन आला: वहिनींना म्हणावं, माझा पहिला सदरा एका बाहीचा झाला होता. मी उशीत तोंड खुपसून रडले आणि मग भूक लागली म्हणून उठले. सासूबाईंनी ताट वाढून ठेवलंच होतं.

करारातले चाळीस दिवस उरलेत. बसून राहायला कुणी सांगितलंय?

२५ मार्च, सोमवार

मातीवाल्यांकडे गेले आणि सरळ सांगितलं, मला भट्टी सलग आठ तास हवी, नाहीतर मी इथेच बसते. त्यांनी बिनबोभाट पाळी दिली. बुधवारची कथा सगळ्या इमारतीत पोचली आहे, आणि आता लोक मला जरा घाबरून असतात.

भुकटी निघाली राखाडी. वास नाही, ऐट नाही. हिला नाव दिलेलं नाही.

२८ मार्च, गुरुवार

आधी ब्लँक. दुसरी, तीच. राखाडी भुकटी, हायड्रोजन आणि आर्गॉन, कार्बन डायऑक्साइड बंद. सकाळी आठपासून तीनशेपर्यंत तापवत गेले. रेघ सपाट. पुन्हा सपाट. गॅसदादा खुर्ची ओढून शेजारी बसले. पस्तीस नमुने, पस्तीसही सपाट. इतकी सुंदर रेघ मी आयुष्यात पाहिली नाही.

“आता सोडू?” गॅसदादांनी विचारलं. सिलिंडर नवा होता, वजन करून आणलेला.

तापमान परत खाली आणलं आणि कार्बन डायऑक्साइड सोडला. एकशे चाळीसला काही नाही. दोनशेला काही नाही. दोनशे साठला मिथेनच्या जागी बारीकसा उंचवटा. दोनशे ऐंशीला सुळका. मध्यम उंचीचा, चारचौघांसारखा, कुणी टाळ्या वाजवणार नाही असा. गॅसदादांनी आकडे मांडले: आत गेलेला कार्बन आणि बाहेर आलेला कार्बन सारखा. वरचा काही नाही.

“दादा, बंद करा बघू.”

त्यांनी झडप बंद केली. चार मिनिटं. सुळका बसला. पुढच्या चार मिनिटांत नाहीसा.

“सोडा.”

उगवला!

“बंद!”

बसला! मी टाळ्या पिटत होते. गॅसदादा, ज्यांना मी बत्तीस वर्षांचं दुर्मुखलेपण म्हणत आले, ते तोंडाचा चंबू करून शीळ घालत झडप फिरवत होते. सोडा, बंद, सोडा, बंद. दोनशे ऐंशी अंश म्हणजे कुणाला हेवा वाटावा असं काही नाही, जगात असे पुष्कळ असतील. पण हा खरा होता आणि माझा होता. एकशे चाळीसच्या दिवशीसुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता, हे मी शुद्धीत लिहिते आहे.

सहाव्या वेळी मोठ्या मॅडम आत आल्या. आमची चाहूल दोन खोल्या पलीकडे गेली असणार. त्यांनी पस्तीस सपाट रेघा एकेक करून पाहिल्या, नोंदवहीत सही केली, आणि मग गॅसदादांना म्हणाल्या, “जरा मला द्या.”

त्यांनी स्वतः झडप बंद केली. हाताची घडी घालून आठ मिनिटं पडद्यासमोर उभ्या राहिल्या. सुळका बसला. सोडली. उगवला. मॅडमच्या गालाला खळी पडते हे मला दोन वर्षांत कळलं नव्हतं.

“अध्यक्षांचा फोन आला होता,” पडद्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या. “म्हणाले, हात पुढे केलेला असताना सिलिंडर रिकामा आहे सांगणारी माणसं त्यांना फारशी भेटत नाहीत. पद मंजूर केलंय. सोमवारी येऊन सही करा.”

मला रडू फुटलं. मी पुढे झाले तसा त्यांनी कोपराने मला बाजूला सारलं.

“मग रडा. आधी सरका, मला अजून एकदा बंद करू दे.”